दुसऱ्याच्या गळ्यातील फास

मननासाठी शास्त्रभाग : लूक २३:३२-४३, रोमकरांस पत्र २:१४-१६



मनुष्य आपले पाप लपवितो, ह्याचे आपणांस नवल वाटत नाही. आदामाने झाडांआड लपून तो पाठ सर्व मनुष्यजातीस घालून दिला आहे. परंतु जे पाप कोणासही ठाऊक नाही, ज्याचा डाग दुसऱ्याच्या कपाळी लागून गेला आहे, ज्याची चौकशी मिटत आली आहे, ते पाप आपण होऊन पुढे येऊन सांगणारा मनुष्य विरळा. अशाच एका मनुष्याची हकीगत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे. तो कोणी साधुपुरुष नव्हता. तो चोर होता, जुगारी होता आणि खुनी होता, व अखेरीस तो फासावर गेला. त्याचे नाव तोकिची इशिई.

इशिई हा जपान देशातील नागोया शहरचा. त्याचा जन्म १८७१ सालचा. त्या काळी जपानात ख्रिस्ती धर्मास सरकारी बंदी होती. बंदीचे जाहीर फलक गावोगावी लागलेले असत, ते १८७३ साली काढण्यात आले. ह्या मुलाच्या घरी दारिद्र्य होते व बाप दारूच्या नादी लागलेला होता. शाळा फारशी घडली नाही. पुढे जुगाराची चटक लागली. जुगारास पैसा पाहिजे म्हणून चोरी, आणि चोरीमुळे तुरुंग, असे चक्र सुरू झाले. एकोणिसाव्या वर्षी तुरुंगाचे दार त्याने प्रथम पाहिले, आणि तेथून पुढच्या आयुष्याची वीसांहून अधिक वर्षे त्याने कोठडीतच घालविली. सुटावे, पुन्हा चोरी करावी, पुन्हा पकडले जावे, असा त्याचा क्रम होता. शिक्षेने तो सुधारला नाही. उलट, लोखंड घणाखाली कठीण व्हावे तसा तो कठीण होत गेला.

१९१५ सालच्या एप्रिल महिन्यात तोकिओ शहराजवळ सुझुगामोरी नावाच्या ठिकाणी त्याने ओहारु नावाच्या एका स्त्रीचा जीव घेतला. पूर्वी एदोच्या राजवटीत गुन्हेगारांस ठार मारण्याची जागा म्हणून हे ठिकाण दोनशेहून अधिक वर्षे कुप्रसिद्ध होते. त्याच मातीवर आणखी एक रक्त सांडले. खून करून इशिई निसटला. त्याच्यावर कोणाचा संशयही आला नाही.

येथे थोडे थांबू या. खुन्याच्या पश्चात्तापाची गोष्ट सांगताना आपण मारल्या गेलेल्या मनुष्यास विसरतो, हा आपल्या सांगण्यातील मोठा दोष आहे. ओहारु ही कोणाची तरी लेक होती. तिला पश्चात्तापास वेळ मिळाला नाही, निरोप घेण्यास वेळ मिळाला नाही, आणि तिची बाजू मांडणारे पुस्तकही कोणी लिहिले नाही. हाबेलाचे रक्त भूमीतून देवाकडे ओरड करीत होते, असे उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात आपण वाचतो. तशी तिच्या रक्ताचीही ओरड होती, आणि देवाने ती ऐकली होती. ज्या कृपेविषयी आपण पुढे बोलणार आहोत, ती ह्या ओरडीकडे कान बंद करणारी कृपा नव्हे.

आता त्या खुनाचे पुढे काय झाले ते पाहा. पोलिसांनी तिच्या प्रियकरास धरले. तो निरपराध होता. परंतु त्याचा असा छळ करण्यात आला की, न केलेल्या खुनाची कबुली त्याने दिली. कबुली मिळाली, तपास संपला, खटला उभा राहिला. एका निरपराध मनुष्याच्या गळ्याभोवती फास आवळू लागला, आणि खरा खुनी निर्धास्त राहिला.

मारून घेतलेली कबुली किती खोटी असू शकते, हे जगाने पुनःपुन्हा पाहिले आहे. त्याच जपान देशात इवाओ हाकामादा नावाच्या मुष्टियोद्ध्यास १९६६ सालच्या एका चौघांच्या खुनाबद्दल, काढून घेतलेल्या कबुलीचा आधार घेऊन, १९६८ साली देहदंड सांगण्यात आला. तो २०१४ साली तुरुंगाबाहेर आला, आणि २०२४ साली न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले. तोपर्यंत त्याचे तारुण्य, प्रौढपण आणि मनाचे स्वास्थ्य ही सर्व गेली होती. आपल्या देशाच्या कायद्याने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून मान्य करू नये असा नियम १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्यात घातला, आणि २०२३ सालच्या नव्या कायद्यातही तो राखला, त्याचे कारण हेच. मनुष्याचे शरीर पिळले असता त्याच्या तोंडातून पाहिजे ते वदविता येते.

इकडे इशिई दुसऱ्याच एका गुन्ह्यासाठी तुरुंगात येऊन पडला होता. तेथे एका सोबतीच्या बोलण्यातून त्याला कळले की, ओहारूच्या खुनाबद्दल तिच्या प्रियकरावर खटला चालला आहे. हे ऐकून तो चकित झाला. ज्या मनुष्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या वस्तू निःशंकपणे घेतल्या, त्याला दुसऱ्याने आपली शिक्षा घ्यावी हे मात्र सहन होईना. तो मनुष्य काय भोगत असेल, त्याच्या घरच्यांचे काय होत असेल, हा विचार त्याला सोडीना. मरण तर सर्वांनाच यावयाचे. मग आपल्या अपराधाने दुसऱ्याने का मरावे? शेवटी त्याने अधिकाऱ्यांस सांगितले, “तो खून मी केला.”

वाचकहो, हे त्याने केले तेव्हा त्याच्या हाती नवा करार नव्हता. त्याने उपदेश ऐकला नव्हता. मग हे त्याच्याकडून कोणी करविले? पौल रोमकरांस लिहितो की, ज्यांस नियमशास्त्र मिळाले नाही त्यांच्याही अंतःकरणात नियमशास्त्राचा आशय लिहिलेला असतो, आणि त्यांचा विवेक त्याबरोबर साक्ष देतो. इशिईच्या अंतःकरणावर वीस वर्षांच्या तुरुंगाची काजळी साचली होती, पण खालचे अक्षर पुसले गेले नव्हते. ह्यावरून आपण एक धडा घ्यावा. गावातील ज्या मनुष्यास आपण कामातून गेलेला म्हणून सोडून दिले आहे, त्याच्याही हृदयात देवाच्या हाताचे अक्षर आहे. ते आपणांस वाचता येत नाही, एवढ्यावरून ते नाही असे म्हणू नये.

योना भविष्यवादीची गोष्ट आठवा. तो देवापासून पळत होता. पण जहाज बुडू लागले, निरपराध खलाशी मरू घातले, तेव्हा हे वादळ माझ्यामुळे आले आहे, मला उचलून समुद्रात टाका, असे तो स्वतः म्हणाला. पळपुट्यास थांबविणारी ही एक जागा असते : आपल्या पापाची लाट दुसऱ्याच्या नावेवर आदळताना दिसते ती जागा.

इशिईच्या कबुलीनंतर न्यायाचे काम सरळ झाले असेल असे कोणास वाटेल. तसे झाले नाही. अगोदरच एक कबुली हाती असताना ही दुसरी कबुली कोणास नकोशी होती. त्याचा खटला लांबला, आणि पुरावा पुरेसा नाही म्हणून पहिल्या न्यायालयाने त्यास त्या खुनातून मोकळे केले. बाहेर पडण्याचे दार त्याच्यापुढे उघडे राहिले. त्याने आपला शब्द फिरविला असता तर त्याचा जीव वाचता. त्याने शब्द फिरविला नाही. सरकारपक्षाने वरच्या न्यायालयाकडे दाद मागितली, आणि तेथे त्यास फाशीची शिक्षा झाली. तो दुसरा मनुष्य मोकळा झाला.

ह्या खटल्याची वाट पाहत तो तोकिओच्या तुरुंगात होता, तेव्हा तेथे दोन मिशनरी स्त्रियांनी त्याची विचारपूस केली. एक वेस्टबाई आणि दुसऱ्या कॅरोलाइन मॅकडॉनल्डबाई. मॅकडॉनल्डबाई कॅनडा देशाच्या. जन्म १८७४ सालचा. टोरांटो विश्वविद्यालयाच्या पदवीधर. तरुण स्त्रियांच्या ख्रिस्ती संस्थेचे काम उभे करण्यासाठी त्या १९०४ साली जपानात आल्या होत्या. त्यांच्या शास्त्रवर्गात येणाऱ्या एका मनुष्याच्या हातून खून घडला, त्यास भेटण्यासाठी त्या तुरुंगात जाऊ लागल्या, आणि एका कैद्याच्या निमित्ताने उघडलेले ते दार पुढे अनेकांसाठी उघडे राहिले. १९३१ साली त्या वारल्या, तोपर्यंत कैद्यांची व सुटून आलेल्यांची सेवा हेच त्यांचे मुख्य काम होऊन बसले होते.

नव्या वर्षाच्या दिवशी ह्या दोघींनी इशिईस सणाचे जेवण आणि नव्या कराराची एक प्रत पाठविली. जेवण त्याने खाल्ले. पुस्तक फळीवर ठेवून दिले. कितीतरी दिवस ते तसेच पडून राहिले. शेवटी कोठडीतील रिकामा वेळ जाईना म्हणून त्याने ते खाली काढले. श्रद्धेने नव्हे, तर केवळ कंटाळा आला म्हणून! बीज पेरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपण दिलेले शुभवर्तमान एखाद्याच्या घरी कोनाड्यात धूळ खात पडलेले दिसले, तर लागलीच खिन्न होऊ नये. धुळीखालचे बीज मेलेलेच असते असे नाही.

वाचता वाचता तो प्रभूच्या दुःखसहनाच्या वृत्तांतापाशी आला. शत्रूंनी येशूस धरून पिलाताकडे नेले, त्याच्यावर खोटे आरोप केले, अन्यायाने त्याचा निवाडा केला आणि त्यास वधस्तंभी खिळले, हे त्याने वाचले. मोठा निगरगट्ट गुन्हेगार, तरी त्यास ह्या अन्यायाची चीड आली. आणि मग तो लूकाच्या तेविसाव्या अध्यायाच्या चौतिसाव्या वचनावर आला. तेथे प्रभु आपणांस खिळे मारणाऱ्यांसाठी पित्याजवळ क्षमा मागतो, आणि ते काय करितात हे त्यांस समजत नाही असे त्यांच्या वतीने सांगतो. तेथे इशिई थांबला. लांब खिळा हृदयात ठोकावा तसे त्यास झाले, असे त्याने पुढे आपल्या हकीगतीत लिहून ठेविले आहे. त्या घडीपासून त्याने विश्वास ठेविला.

असे का झाले असावे? ते वचन आपण शेकडो वेळा ऐकिले आहे. शुभ शुक्रवारी सात उद्गारांच्या भक्तीत पहिला उद्गार म्हणून त्यावर दरवर्षी बोलणे होते, आणि आपण शांतपणे घरी जाऊन जेवतो. त्याच वचनाने ह्या खुन्याचे हृदय का भेदिले?

मला असे वाटते की, ते समजण्याची तयारी त्याच्या मनात देवाने अगोदर करून ठेविली होती. खोटा आरोप म्हणजे काय, हे तो पाहून चुकला होता. निरपराध्यास छळून न्यायासनापुढे उभे करणे म्हणजे काय, हे त्याने आपल्याच प्रकरणात पाहिले होते. माझ्या अपराधासाठी दुसरा मरणार, ह्या विचाराने त्याची झोप उडाली होती, आणि तो फास दुसऱ्याच्या गळ्यातून काढण्यासाठी त्याने आपली मान पुढे केली होती. अशा मनुष्याने जेव्हा वाचले की, एक निरपराधी अगोदरच मरून गेला आहे, तेव्हा त्यास दिसले की हा एक फास मात्र मला काढता येत नाही. हा दंड दुसऱ्याने भोगून टाकला आहे. आणि ज्याने भोगला, त्याने माझे नाव घेऊन मला शाप दिला नाही. माझ्यासाठी क्षमा मागितली.

खेड्यातील मनुष्यास हे समजण्यास कठीण नाही. सोसायटीच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जास जामीन राहणे काय असते, हे आपण जाणतो. कर्ज घेणारा तोंड चुकवितो, आणि वसुलीची नोटीस जामिनाच्या दारावर येते. कर्ज काढणारा निर्लज्ज असला तर दुरून पाहून हसतो. पण त्याच्यात माणुसकीचा अंश असेल, तर जामिनाची गाय दावणीवरून सोडून नेताना पाहून त्याचे काळीज फाटेल. वधस्तंभ पाहून आपले काळीज फाटत नाही, ह्याचे कारण आपल्या कर्जाचा आकडाच आपण मनावर घेतलेला नाही. इशिईने तो घेतला होता.

ह्यावर कोणी म्हणेल, “फाशीचा दोर दिसू लागला म्हणजे चोरही संत होतो, त्यात काय मोठे?” हा आक्षेप गैर नाही. भीतीने केलेला पश्चात्ताप भीती सरली की सरतो, हे आपण आजारपणातील नवसांवरून जाणतो. परंतु ह्या मनुष्याचा क्रम पाहा. दोर दिसला म्हणून त्याने कबुली दिली नाही. कबुली दिली म्हणून त्यास दोर दिसला. कोणाचा संशय नसताना तो बोलला. सुटका समोर असतानाही तो आपल्या शब्दास चिकटून राहिला. येशूजवळ टांगलेल्या त्या चोरानेही अगोदर हेच म्हटले की, आम्ही आपल्या कृत्यांचे योग्य फळ भोगीत आहो, पण ह्याने काही अयोग्य केले नाही. स्वतःच्या शिक्षेस योग्य म्हणणे आणि निरपराध्यास निरपराधी म्हणणे, ह्या दोन गोष्टी त्याच्या तोंडून निघाल्या, आणि मग त्याने राज्यात आठवण ठेवण्याची विनंती केली. इशिईच्या पश्चात्तापाचे पाऊलही त्याच वाटेवर उमटलेले दिसते.

विश्वास ठेविल्यावर त्याचे तुरुंगाचे दार उघडले नाही. क्षमा मिळाली, पण शिक्षा टळली नाही. ही गोष्ट आपण स्पष्ट समजून घ्यावी. देवाने मला क्षमा केली, आता मनुष्यांचे माझ्याकडे काही घेणे नाही, असे म्हणणारे ख्रिस्ती आपल्या मंडळ्यांत आहेत. जक्कयाने तसे म्हटले नाही. त्याने चौपट परत देण्याचे कबूल केले. इशिईनेही तसे म्हटले नाही. आपला दंड न्याय्य आहे असे मानून त्याने उरलेले दिवस शांततेने काढिले. मॅकडॉनल्डबाई त्यास भेटत असत. शिक्षण बेताचे, तरी त्याने आपल्या सर्व आयुष्याचा वृत्तांत कोठडीत बसून लिहिला, आणि त्यात आपले गुन्हे लपविले नाहीत की सजविले नाहीत. तो वृत्तांत मॅकडॉनल्डबाईंच्या स्वाधीन झाला. त्यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९२२ साली प्रसिद्ध झाले आणि पुष्कळ देशांतील लोकांनी वाचले. १९१८ सालच्या ऑगस्ट महिन्यात तोकिओच्या तुरुंगात त्यास फाशी देण्यात आली. जाण्यापूर्वी त्याने एक लहानशी कविता लिहून ठेविली होती. मरणास तो भीतीने नव्हे, तर घरी जाणाऱ्याच्या मनाने सामोरा गेला, अशी त्याची आठवण राहिली आहे.

मनुष्यास फाशी द्यावी की न द्यावी, ह्याविषयी ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत. जपानात आणि आपल्या देशात ती शिक्षा आजही कायद्यात आहे. त्या वादाचा निकाल ह्या लेखात लावावयाचा नाही. पण एवढे खरे की, १९१५ साली एक खुनी गप्प राहिला असता, तर एक निरपराधी मनुष्य मारला जाण्याची वेळ आली होती. जो न्याय मनुष्याच्या हाती आहे, तो चुकू शकतो. म्हणून साक्ष देणाऱ्याने, तपास करणाऱ्याने आणि निकाल देणाऱ्याने देवाचे भय धरून चालावे.

आता बंधुभगिनींनो, आपणांविषयी बोलू या. आपण खुनी नाही, म्हणून ही गोष्ट दुसऱ्या कोणाची तरी आहे असे समजून पान उलटू नये. प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे : माझ्या अपराधाचा फास आज कोणाच्या गळ्यात आहे?

घरातील पैसे मुलाने घेतले, आणि आळ मोलकरणीवर आला. मागाहून खरे कळले, पण तिला बोलावून कोणी तसे सांगितले नाही. आपल्या गुरांनी शेजाऱ्याचे पीक खाल्ले, आणि मार दुसऱ्याच्या गुराख्याने खाल्ला. भावाभावांच्या वाटणीत आपण एक शब्द गिळला, आणि धाकट्याची वहिवाट गेली. मंडळीच्या पैशात घोळ झाला, आणि बिचारा जुना खजिनदार नाव घालवून बसला; ज्यांस खरे ठाऊक होते ते प्रभुभोजनास पुढे येत राहिले. सुनेस मूल होत नाही म्हणून गावभर तिला बोल लागला, आणि दोष आपल्या मुलाचा आहे हे वैद्याने सांगितले असूनही सासूने तोंड उघडले नाही. अशा गोष्टी कोणत्या गावात नाहीत? ह्यांपैकी कशासही फाशीची शिक्षा नाही. मग इशिईने मान देऊन जे केले, ते थोडीशी लाज पत्करून आपणांस करता येऊ नये काय?

आपण असे करतो की, मनुष्याचा अपराध मनुष्यापासून लपवून ठेवितो आणि देवाजवळ मात्र प्रार्थनेत कबूल करितो. कारण देव गावात जाऊन सांगत नाही. पण वेदीपाशी असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाकडे जावे, हा प्रभूचाच नियम आहे. जो निरपराधी आपल्या जागी उभा आहे, त्यास मोकळे केल्यावाचून गुडघे टेकण्यात अर्थ नाही.

आणि ज्यांस वाटते की, माझे पाप फार मोठे आहे, आता वेळ निघून गेली आहे, त्यांस एवढेच सांगावयाचे. तोकिओच्या त्या कोठडीत वेळ फार थोडी उरली होती, पण तेवढी पुरली. तेथे जे वचन पोहोचले, ते तुमच्या घरातील फळीवरही आहे. हात वर करून ते खाली घ्या. आधी ज्याचा गळा मोकळा करावयाचा आहे तो मोकळा करा. मग वधस्तंभाकडे पाहा. तेथे तुमच्या जागी कोण टांगला आहे, आणि तो तुमच्यासाठी काय मागत आहे, हे तुम्हांस ऐकू येईल.

हे आमच्या प्रभो, आमचे दोष ज्यांच्या माथी गेले आहेत त्यांची नावे आम्हांस आठवू दे. ती उच्चारण्यास आम्हांस धैर्य दे. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांचे तू सांत्वन कर, तुरुंगात निरपराध पडलेल्यांस तू सोडीव, आणि अपराधी आहेत त्यांस तुझ्या क्षमेचा शब्द ऐकू येवो. आमेन.